चौघांचं सर्व्हायव्हल किट, पण पिशवी एकच

नारिंगी नायलॉनची सॅक, वर ठळक अक्षरांत '4 माणसं, 72 तास', आणि आत खच्चून भरलेल्या चाळीस-पन्नास वस्तू. जंगलात दोन-तीन रात्री स्वतःच्या जिवावर काढायचं मित्रांनी ठरवलं, की ग्रुपवर पहिली लिंक पडते ती अशाच तयार किटची. नावं वेगळी, लोगो वेगळे, पण चेन उघडली की माल जवळपास तोच: चकचकीत पन्नीच्या चादरी, प्लॅस्टिकचा ट्यूब तंबू, पाणी गाळायच्या नळ्या, ठिणग्यांची सळई, दोरीची ब्रेसलेट, बटणाएवढं होकायंत्र, तारेची करवत, घडीचा चाकू, प्रथमोपचाराची डबी. म्हणून हे परीक्षण एका ब्रँडचं नाही, या अख्ख्या जातीचं आहे. पाचपैकी अडीच.

दोष वस्तूंच्या दर्जात आहेच, पण मोठा दोष हिशेबात आहे. एका माणसाचं किट घेऊन त्यातल्या स्वस्त वस्तू चारने गुणल्या, की झालं 'चौघांचं'. शिट्ट्या चार, ब्रेसलेट चार, चादरी चार. पण भांडं एकच, तेही पेल्याएवढं. आडोसा दोघांना पुरेल इतका. आणि हे सगळं एका माणसाच्या पाठीवर. तो माणूस ओढा ओलांडताना घसरला किंवा चालता चालता अर्धा तास मागे पडला, की उरलेल्या तिघांकडे खिशातला मोबाइल सोडून काहीच नाही. गट फुटतो तो बहुधा भांडणाने नाही, चालण्याच्या वेगाने. जोरात चालणारा पुढच्या फाट्यावर वळतो, मागच्याला तो वळलेला दिसत नाही. एक सॅक असलेलं किट नेमकं त्याच क्षणी निकामी ठरतं.

आता आडोशापासून सुरुवात करू, कारण थंडी आणि पाऊस भुकेच्या कितीतरी आधी माणसाला आडवं करतात. किटमधल्या पन्नीच्या चादरी साधारण 12 मायक्रॉन जाडीच्या, वजनाला 50-60 ग्रॅम. अंगातून बाहेर पडणारी उष्णता परत अंगाकडे फेकणं एवढंच त्यांचं काम, आणि ते त्या बऱ्यापैकी करतात. पण जमिनीत झिरपणारी उष्णता त्या अजिबात अडवत नाहीत. पन्नी खाली अंथरून झोपणारा रात्रभर कुडकुडतो आणि सकाळी चादरीला शिव्या घालतो. खाली दाबल्यावरही हातभर जाडी उरेल इतका कोरडा पाला, बारीक फांद्या किंवा गवत आधी टाकायचं, शक्य असेल तर त्यावर फोमची चटई, मग माणूस, मग पन्नी. पन्नीला काठावर बारीकशी चीर पडली की ती वाऱ्यात सर्रकन शेवटपर्यंत फाटते, म्हणून उघडल्या उघडल्या चारही कडांना चिकटपट्टी मारावी. घडी उलगडलेली पन्नी पुन्हा तेवढीशी होत नाही, हेही लक्षात असू द्या. चादरीऐवजी पन्नीचीच शिवलेली पिशवी मिळते, ती चारही जणांनी घ्यावी. वजन थोडं जास्त, पण वाऱ्याने उडत नाही आणि पाय उघडे पडत नाहीत. आत अंगाची वाफ साचून कपडे दमट होतात, तेव्हा पिशवीचं तोंड पूर्ण बंद करायचं नाही.

ट्यूब तंबू म्हणजे दोन्ही टोकं उघडी असलेली पातळ प्लॅस्टिकची नळी. दोन झाडांना दोरी बांधायची, नळीतून ओवायची, आत माणसं झोपून नळी खालून ताणून धरतात. चित्रात छान दिसतं. वारा टोकाकडून आला की तोच बोगदा होतो, आणि दोरीचा भार एका रेषेत पडत असल्याने प्लॅस्टिक तिथेच कापलं जातं. चौघांसाठी सरळ 3 बाय 4 मीटरची, कडेला मजबूत रिंगा असलेली ताडपत्री घ्या. एका माणसाला झोपायला निदान 60 सेंटिमीटर रुंदी धरली तर चौघांचे 2.4 मीटर होतात. उरलेल्या जागेत सॅका आणि तिरका पाऊस मावतो. आडवी दोरी कमरेच्या उंचीवर, वाऱ्याकडची कड जमिनीला टेकलेली आणि दुसरी बाजू उंच, ही मांडणी बहुतेक रात्रींना पुरते. रिंगेत दोरी थेट बांधली तर जोराच्या वाऱ्यात रिंगच उपटून येते. त्याऐवजी ताडपत्रीच्या कोपऱ्यात आतून गुळगुळीत खडा धरून बाहेरून दोरीचा फास आवळावा, तो कोपरा सुटत नाही. जागा निवडताना आधी वर बघायचं, वाळकी फांदी लटकत नाही ना, आणि मग खाली, पाण्याची वाट नाही ना. कोरड्या ओढ्याचं सपाट वाळूचं पात्र झोपायला फार मोह घालतं, पण वरच्या खोऱ्यात पडलेला पाऊस तिथे न सांगता येतो.

पाण्याच्या बाबतीत या किटमध्ये सगळ्यात चांगली वस्तूही आहे आणि सगळ्यात वाईट हिशेबही. पोकळ तंतूंची नळी, छिद्रं 0.1 ते 0.2 मायक्रॉनची, जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवते. विषाणू मात्र त्याहून लहान असतात, ते बरेचसे आरपार जातात. माणसांच्या वस्तीखालून येणारं पाणी असेल तर नळीवर विसंबू नये. पण खरी अडचण वेगळी आहे. ही नळी तोंडाने ओढायची असते. पाण्याच्या काठी पालथं पडून प्यायचं आणि उठायचं. सोबत न्यायला, शिजवायला, जखम धुवायला गाळलेलं पाणी मिळत नाही. चालत्या माणसाला दिवसाला 3 लिटर धरले तर चौघांचे 12 होतात. किटमधल्या अर्ध्या लिटरच्या पेल्यात ते उकळायचं म्हटलं तर 24 वेळा चुलीवर ठेवावं लागेल. तेवढं सरपण गोळा करण्यातच दोन माणसं दिवसभर अडकतात आणि घाम गाळून आणखी तहानतात. म्हणून चार नळ्यांऐवजी एक टांगायची गाळणी घ्यावी: वर गढूळ पाण्याची पिशवी, मध्ये नळी, खाली स्वच्छ पाण्याची बाटली, बाकी काम गुरुत्वाकर्षण करतं. शिवाय दोन लिटरचं झाकणाचं धातूचं भांडं. दोन्ही मिळून किटच्या निम्म्या वस्तूंपेक्षा कामाची.

गाळणी बिघडते ती दोन कारणांनी. पहिलं, गाळ. पाणी आधी भांड्यात अर्धा तास निवळू द्यायचं, वरचं पाणी दुपदरी कापडातून ओतायचं आणि मगच गाळायचं. धार मंदावली की सोबत आलेल्या पिचकारीने स्वच्छ पाणी उलट्या दिशेने जोरात मारायचं. पिचकारी किटमध्ये असेल असं गृहीत धरू नका, तोंडाने ओढायच्या नळ्यांबरोबर ती सहसा नसते. तिथे पिऊन झाल्यावर उलटी फुंकर मारून आतलं पाणी बाहेर काढायचं. दुसरं कारण, गोठणं. एकदा वापरलेल्या नळीत थोडं पाणी राहतंच. ते रात्री गोठलं की तंतू तडकतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. पाणी आधीसारखंच, उलट जरा जास्तच सहज येतं, फक्त गाळलं जात नाही. थंडीत गाळणी झोपताना अंगाशी घ्यायची, आणि गोठल्याची शंका आली तरी तिच्यावरचा भरवसा सोडायचा.

पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांची पट्टी दहाची असते. लिटरला एक गोळी म्हणजे चौघांना एक दिवससुद्धा नाही. गोळी कुठली आहे तेही वाचून घ्या. साध्या क्लोरीनच्या गोळीला सहसा 30 मिनिटं लागतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तिला दाद देत नाही. क्लोरीन डायऑक्साइडची गोळी त्यालाही मारते, पण 4 तास घेते. गढूळ पाण्यात दोन्ही कमी पडतात, थंड पाण्यात वेळ वाढवावा लागतो. आणि एक बारीक गोष्ट, जी जवळपास प्रत्येक जण विसरतो: गोळी टाकून काही मिनिटांनी झाकण सैल करायचं, बाटली तिरकी करून थोडं पाणी झाकणाच्या आट्यांतून वाहू द्यायचं. ओठ लागतात तिथलं पाणी नाहीतर कच्चंच राहतं. उकळणार असाल तर बुडबुडे खळखळून फुटू लागल्यावर 1 मिनिट, आणि 2000 मीटरच्या वर 3 मिनिटं.

आगीसाठी दिलेली सळई बहुधा 5 मिलिमीटर जाडीची, प्लॅस्टिकच्या मुठीत गोंदाने बसवलेली. जोर लावला की सळई मुठीतून निखळते. निदान 8 मिलिमीटरची घ्या. नव्या सळईवर काळा लेप असतो, तो खरवडून चकाकी दिसेपर्यंत ठिणगी नीट पडत नाही. 'सळई खराब निघाली' अशा तक्रारींतल्या कितीतरी या लेपाच्याच असतात. ठिणगी पाडताना सळईवर घासायची पाती पुढे ढकलली की हात जाऊन आदळतो भुशावर आणि मेहनतीने रचलेला ढीग उधळतो. पाती भुशापाशी स्थिर धरायची, टोक खाली टेकवायचं आणि सळई मागे ओढायची. ठिणग्या तापमानाने साधारण 3000 अंश सेल्सिअसच्या असल्या तरी क्षणभरच जगतात, म्हणून त्या पडतात तिथली वस्तू केसासारखी बारीक हवी. किटमधला दाबून बसवलेला भुशाचा चौकोन तसाच ठेवून त्यावर ठिणग्या पाडत बसू नका, आधी बोटांनी पिंजून घ्या. व्हॅसलीन चोळलेला कापूस याहून चांगला, एक गोळा काही मिनिटं नेटाने जळतो. मात्र कापूस व्हॅसलीनमध्ये पूर्ण बुडवला तर ठिणगी पकडत नाही. मधे कोरडे तंतू राहायला हवेत, आणि पेटवताना गोळा विस्कटून ते वर काढायचे.

अर्थात सळई हा दुसरा पर्याय. पहिला पर्याय म्हणजे प्रत्येकाच्या खिशात साधा गॅस लायटर, हे कुणी किटच्या जाहिरातीत लिहीत नाही. थंडीत लायटरमधल्या गॅसचा दाब उतरतो आणि तो नुसता खटखटतो. मुठीत दोन मिनिटं धरला की पेटतो. लाकूड ओलं असेल तर मनगटाएवढं वाळकं खोड फोडा. बाहेरून भिजलं असलं तरी गाभा कोरडा असतो, त्याच्या पातळ ढलप्या काढा. आगकाडीएवढ्या, पेन्सिलीएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या काटक्यांचे तीन वेगळे ढीग पेटवण्याआधीच लावून ठेवायचे, आणि पुरेसं वाटतं त्याच्या तिप्पट. आग विझते ती ठिणगीअभावी नाही, पेटल्यावर सरपण शोधायला पळाल्याने.

घडीचा चाकू भाजी चिरायला ठीक. त्याच्या पाठीवर दांडका हाणून लाकूड फोडायला गेलात तर बिजागरी ढिली होते आणि पातं बोटांवर मिटतं. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेला, 10 ते 12 सेंटिमीटर पात्याचा न मिटणारा चाकू गटात निदान दोघांकडे हवा. पात्याची पाठ काटकोनात कापलेली असेल तर सळईही तिच्यावरच घासता येते. गटात चाकूचा धोका वेगळ्या तऱ्हेचा असतो: एक जण तासत असतो आणि बाकीचे त्याच्याभोवती गप्पा मारत बसतात. चाकू धरलेला हात लांब करून स्वतःभोवती फिरवायचा, जेवढं वर्तुळ होईल तेवढ्यात कुणीही नको. बसून तासताना धार मांड्यांच्या मधे कधीच नको, तिथली मोठी रक्तवाहिनी कापली तर हाताशी मिनिटंच उरतात.

तारेची करवत ही त्यातल्या त्यात गटाच्या उपयोगाची वस्तू, कारण दोघं समोरासमोर उभे राहून ती ओढू शकतात. तार फांदीभोवती घट्ट वळवली की एकाच ठिकाणी तापून तुटते, त्यामुळे दोन्ही हात लांब ठेवून पसरट कोनात, सावकाश ओढायची. फांदी वाकून चीर मिटायला लागली की तार अडकते, तेव्हा कापायच्या जागेखाली टेकू द्या. तरीही 20 सेंटिमीटर पात्याची घडीची करवत मिळत असताना तारेवर वेळ घालवणं म्हणजे हौस.

ब्रेसलेटची दोरी '550' म्हणून विकली जाते. खरी 550 म्हणजे 550 पौंड, साधारण 250 किलो भार सोसणारी, आत सात किंवा अधिक पिळाचे धागे. टोक कापून धागे मोजा. आत कापसासारखा नुसता भराव निघाला तर ती शोभेची दोरी. चारही ब्रेसलेट सोडली तरी 3-3 मीटरचे तुकडे हाती येतात, आणि ताडपत्रीच्या आडव्या दोरीला सलग निदान 10 मीटर लागतात. खरी असली तरी तिच्यावर माणसाने लटकायचं नाही, कड्यावर तर नाहीच. 30 मीटरची एक गुंडाळी स्वतंत्र घ्या आणि विषय संपवा.

होकायंत्राचं म्हणाल तर भरवशाच्या म्हशीला टोणगा. ब्रेसलेटच्या बकलात किंवा शिट्टीच्या बुडाशी बसवलेली सुई घासून अडकते, आणि पिशवीत मोबाइलच्या स्पीकरजवळ राहिली तर तिचं चुंबकत्व उलटू शकतं. मग ती ठामपणे दक्षिणेला उत्तर म्हणते. निघण्याआधी माहीत असलेल्या दिशेशी ताडून बघा. पारदर्शक पट्टीवर बसवलेलं, द्रव भरलेलं होकायंत्र आणि त्या भागाचा कागदी नकाशा वेगळा घ्यावाच लागतो, आणि दोन्ही वापरता येणारी माणसं गटात दोन तरी हवीत.

शिट्ट्या मात्र चार दिल्या हे उत्तम. आत दाणा नसलेली शिट्टी भिजली तरी वाजते. ती सॅकला नाही, गळ्यात. गटापुरते इशारे आधी ठरवून घ्या: एक फुंकर म्हणजे 'कुठे आहात', दोन म्हणजे 'इथे या', तीन म्हणजे संकट. आल्प्समधली रूढ पद्धत म्हणजे मिनिटात सहा इशारे, एक मिनिट थांबून पुन्हा सहा, आणि उत्तर म्हणून मिनिटात तीन. सिग्नलचा आरसा ऊन असेल तेव्हा किटमधली सगळ्यात लांबवर पोचणारी वस्तू ठरतो. हात लांब करून दोन बोटांच्या बेचक्यात विमान किंवा समोरचा डोंगर धरायचा आणि आरशाचा कवडसा त्या बोटांवर नाचवायचा. मोबाइलला रेंज नसेल अशा ठिकाणी जाणार असाल तर 406 मेगाहर्ट्झचं उपग्रह-बीकन, म्हणजे संकटाचा संदेश उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला धाडणारं यंत्र, या सगळ्यांच्या वर. ते नोंदणी करून घ्यावं लागतं, आणि उपग्रहाची उपकरणं बाळगण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते आधी बघा.

प्रथमोपचाराच्या डबीवर आकडा मोठा असतो, 'शंभर नग' वगैरे. मोजलं तर साठ-सत्तर नुसत्या बोटाच्या चिकटपट्ट्या. एक ना धड भाराभर चिंध्या! त्यात जो काळा टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर पिळून आवळायचा पट्टा, असतो तो बहुधा नामांकित मॉडेलची नक्कल असते आणि पीळ देताना प्लॅस्टिकची कांडी वाकते किंवा मोडते. अस्सल घ्या. जखमेच्या 5 ते 7 सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचा, वेळ लिहून ठेवायची आणि मधेच सैल करायचा नाही. सर्पदंशासाठी दिलेला शोषक पंप सरळ टाकून द्या. तो विष काढत नाही, वेळ काढतो. चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हातपाय हलू न देता दवाखाना गाठायचा. ओआरएसची पाकिटं, जाड कापडी चिकटपट्टी, मोठ्या निर्जंतुक घड्या आणि ज्याची त्याची रोजची औषधं हे आपलं आपण भरायचं. थंडीने गारठलेला माणूस स्वतःहून सांगत नाही, म्हणून जोड्या लावा आणि एकमेकांवर लक्ष ठेवा: शब्द ओढून बोलणं, पाय अडखळणं, चेन लावता न येणं. कुडकुडणं थांबलं आणि तरी तो गरम झालेला नाही, ही सगळ्यात वाईट खूण.

खाण्याच्या वड्यांचं पाकीट 2400 कॅलरीचं. भागिले चार, 600. तेही तीन दिवसांत. गळ, फासे यांचं काय ते विचारू नका. संरक्षित जंगलात शिकार हा गुन्हा आहे, आणि नवख्याच्या हाती जेवढं लागतं त्यापेक्षा त्यापायी ताकदच जास्त खर्च होते. जेवण घरून न्या.

घेतलंच असेल किट, तर घरी जमिनीवर सगळं पसरा आणि पुन्हा वाटणी करा. प्रत्येकाच्या अंगावर, म्हणजे खिशात आणि गळ्यात, सॅकमध्ये नव्हे: शिट्टी, लायटर, पन्नीची पिशवी, लहान टॉर्च. पाठीवर लिटरभर पाण्याची बाटली. सामाईक वस्तूंना नियम एकच, एका कामाची दोन साधनं एकाच्या सॅकमध्ये नकोत. गाळणी एकाकडे तर गोळ्या दुसऱ्याकडे, ताडपत्री तिसऱ्याकडे, भांडं आणि करवत चौथ्याकडे, प्रथमोपचाराचे दोन भाग करून दोघांकडे. कुणाकडे काय आहे ते चौघांनाही पाठ हवं, कारण शोधायची वेळ अंधारात येते. टॉर्चमधले सेल प्रवासात बाहेर काढून किंवा मधे कागदाचा तुकडा सरकवून ठेवा, नाहीतर सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन ते आधीच संपतात.

रिकामी झालेली नारिंगी पिशवी तेवढी फेकू नका. मुक्कामाच्या ठिकाणी उंच फांदीला टांगली की लाकडं आणायला गेलेल्याला झाडांतून परत यायची खूण मिळते.